दाराखालची भोकं

बाळा,

पलूसहून तुझा फोन आला. "मामा, बोलेरो पिकअप घेतली, तेरा वर्षांची आहे. इंजिन झकास आहे, फक्त पत्र्याचं काम आहे." त्या 'फक्त'पायी मी वही घेऊन बसलो. पत्र्याचं काम फोनवर सांगून होत नाही. त्यात तुझं पासिंग तोंडावर आलंय. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला ते दरवर्षी करावं लागतं, आणि पासिंगच्या आधी चार दिवस घाईनं रंग मारून घेणारी माणसं मी कराडात हायवेच्या कडेला बसून चाळीस वर्षं बघतोय. त्यांच्या गाड्या पहिल्या पावसाळ्यानंतर परत येतात. तुझी तशी येऊ नये.

रंगाचा डबा अजून आणू नकोस. गाडी उन्हात लाव, दोन्ही दारं सताड उघड आणि जमिनीवर आडवा होऊन दाराच्या खालच्या कडेकडं बघ. तिथं बारीक लांबट भोकं दिसतील. काचेच्या रबराजवळून पाणी दारात उतरतंच, गाडी कुठल्याही कंपनीची असो. ते बाहेर पडावं म्हणून कारखान्यातच ती भोकं ठेवलेली असतात. शेतातला चिखल, पाचटाचा भुगा, धूळ यांनी ती बुजली की पाणी आत मुरतं आणि पत्रा आतल्या बाजूनं खायला लागतो. बाहेर रंगाला फोड येतो तोवर आत चाळण झालेली असते. सायकलची तार घे, एकेक भोक मोकळं कर. मग काचेच्या फटीतून नळीनं पाणी सोड आणि खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत थांब.

मी मिरजेला उस्तादांच्या हाताखाली लागलो तेव्हा पहिले सहा महिने मला हेच काम होतं. मला रंगाच्या गनला हात लावायची घाई, आणि उस्ताद मला दारं धुवायला लावायचे. म्हणायचे, "पाणी कुठनं आत येतं आन् कुठनं भाईर जातं हे कळलं की निम्मी गाडी कळली." तुला पुढं जे सांगणार आहे ते सगळं या एका वाक्याभोवतीच फिरतं.

गाडी कुठं राबली, त्यावर ती कुठं सडली असेल हे ठरतं. आपला सातारा जिल्हाच बघ. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. महाबळेश्वर-पाचगणीकडं स्ट्रॉबेरी ओढणारी गाडी आली की मी आधी टपाची पन्हळ, पुढच्या काचेच्या रबराखालची कड आणि सीटखालची रबरी मॅट उचलून बघतो. चार महिने धुक्यात उभी राहिलेली गाडी मॅटखाली कधी वाळतच नाही. दहिवडी-म्हसवडकडची गाडी याच्या उलट असते. उन्हानं रंग पार उडालेला, बोनेट खडूसारखं, पण पत्रा खणखणीत. दिसायला सगळ्यात वाईट गाडी बऱ्याचदा कामाला सगळ्यात सोपी निघते. कुंभार्ली घाटातून मासळी आणणारी गाडी मात्र मी हौद्याखाली शिरल्याशिवाय अंगावर घेत नाही. बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या सांध्यातून थेट चासीवर गळत असतं.

पुरातून निघालेली गाडी त्याहून वाईट. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या वर्षभर आमच्याकडं येत होत्या. त्यातल्या एका गाडीचं दार मी बाहेरून ठाकठीक करून दिलं, आत मळी तशीच राहिली. मालकाला घाई होती, आणि मीही त्याला थांब म्हणालो नाही. दुसऱ्या पावसाळ्यात दाराची खालची कड हातात आली. मी ते काम पैसे न घेता पुन्हा करून दिलं, पण ती गोष्ट अजून मनातून जात नाही. मळी ओल धरून ठेवते. दार, पायरीखालची बंद पेटी, खांबांची मुळं अशा पोकळ्यांत ती बसली की बाहेरून कितीही रंग लाव, आतलं काम चालूच राहतं. तुझी गाडी तुमच्याच भागातली आहे म्हणून सांगतो. पायातली मॅट काढ, मागच्या दिव्यांचे स्क्रू खोलून बोट आत घाल. बारीक, गुळगुळीत, करडी माती लागली की ओळख, गाडी पुरात होती. मग रंगाच्या आधी सगळ्या पोकळ्या धुऊन, चार दिवस उन्हात वाळवून घ्यायच्या.

तू म्हणालास, आधीचा मालक द्राक्षबागाईतदार होता. मग हौदा नीट बघ. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवायचा नाही, हे तासगाव-पलूसच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण तोच मोरचूद फुटक्या पिशवीतून हौद्यात सांडतो, त्यावर फवाऱ्याच्या टाकीतलं पाणी पडतं, आणि मग ते भांड्याचं काम हौदाच करतो. तांबं पत्र्यावर बसतं आणि लोखंड विरघळून जातं. हौद्याच्या कोपऱ्यात लालसर तांबूस पापुद्रा किंवा निळी-हिरवी बुरशीसारखी कड दिसली तर तो साधा गंज समजू नकोस. तो भाग भरपूर पाण्यानं धू, तारेच्या ब्रशनं कोऱ्या पत्र्यापर्यंत घास, परत धू. खतांचंही तसंच. युरिया, पोटॅश हवेतली ओल ओढून घेतात. खताची खेप झाली की त्याच दिवशी हौदा धुवायचा आणि फाळका पाडून ठेवायचा. ही सवय आत्ताच लाव.

आता पत्रा तपासायचा. लोहचुंबक घे, त्याला फडकं गुंडाळ म्हणजे रंगावर चरे पडणार नाहीत, आणि पॅनेलवरून हळूहळू फिरव. जिथं तो धरत नाही तिथं खाली पुट्टीचा थर आहे. मग बोटाच्या पेरानं वाजव. पत्रा 'टण' करतो, पुट्टी 'धब' करते. फोड दिसेल तिथं पेचकस टोचून बघ. आपलीच गाडी टोचायला जीव होत नाही, ठाऊक आहे. पण आत्ता टोचलास तर एक भोक पडेल, न टोचता रंगवलास तर पुढच्या वर्षी पॅनेल जाईल. चासी, केबिनचे माउंट आणि स्प्रिंगांचे हँगर यांना गंज असेल तर तिथं हात घालू नकोस. ते गाडीचे पाय आहेत. ते काम चासीवाल्याकडं न्यायचं.

सडलेला पत्रा कापायचाच. त्यावर जाळी लावून, फायबर चिकटवून, वर पुट्टी ओढून देणारे खूप भेटतील. तसं करू नकोस. गंज जिथं संपल्यासारखा दिसतो त्याच्या पुढं दोन बोटं चांगल्या पत्र्यातून काप. तुकडा त्याच जाडीचा घे. केबिनचा पत्रा एक मिलिमीटरच्या आत-बाहेर असतो, हौद्याचा जाड. पातळ पत्र्याला जाड तुकडा लावलास की उष्णतेनं पातळ बाजू सुरकुतते. वेल्डिंग सलग ओढायचं नाही. इथं एक टाका, वीतभर सोडून तिथं एक टाका, मग मधे एक, आणि दर वेळी हात लावता येईल इतकं निवू द्यायचं. पूर्वी आम्ही गॅसवर पितळेची झाळ मारायचो. त्यात ताप इतका पसरायचा की एका जोडापायी अख्खं दार लहरी व्हायचं. आता कार्बन डायऑक्साइडचं वेल्डिंग सगळीकडं आहे, तेच घे. सुरू करायच्या आधी बॅटरीची दोन्ही टोकं सोड, सीट आणि पायातलं नमदं बाहेर काढ, डिझेलची नळी कुठून जाते ते बघ आणि पाण्याची बादली हाताशी ठेव. नमदं धुमसत राहतं. जेवायला गेल्यावर पेटलेली केबिन मी पाहिलीय.

दार लटकलं असेल तर रंगाच्या आधी बिजागरीची पिन बदल. तुमच्याकडं १९१० पासून किर्लोस्करवाडी आहे, त्या कारखान्याच्या सावलीत तिथल्या माणसांचा लोखंडावर हात बसलाय. नवी पिन लेथवर काढून देणारा तुला शोधावा लागणार नाही. दार जागेवर बसलं, चारही बाजूंची फट सारखी आली, मगच पोच्यांना हात घालायचा. नाहीतर वाकड्या दाराला सरळ करायच्या नादात सरळ पत्रा वाकडा करशील.

पोचा काढताना सगळ्यात मोठी चूक एकच होते. माणूस मधल्या खोल जागेवर आतून दणका घालतो. पत्रा वर येतो खरा, पण ताणला जातो आणि मग दाबलं की टपटप वाजतो. पोचा पडतो तेव्हा आधी मधला भाग आत जातो आणि शेवटी कडेची घडी पडते. काढताना उलटं जायचं, आधी कडेची घडी, शेवटी मध्य. आतून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरायची, बाहेरून उंचवट्यावर हलक्या हातानं हातोडी, वीस छोटे ठोके. एका मोठ्या ठोक्यात ते काम होत नाही. ताणलेला पत्रा आकसायचा असेल तर रुपयाएवढी जागा लाल करून, भोवती दोन-चार ठोके देऊन ओलं फडकं लावतात. पण ते पहिल्या गाडीवर शिकायचं काम नाही. ते माझ्यासाठी ठेव.

सरळ झालं की नाही, हे डोळ्यानं ठरवू नकोस. तळहाताखाली जुन्या सुती कापडाचा तुकडा धर आणि पंजा लांबीच्या दिशेनं, सावकाश, चांगल्या पत्र्यावरून दुरुस्त जागेवर आणि पुढं चांगल्या पत्र्यावर असा फिरव. डोळे मिटलेस तर अजून बरं. कापडामुळं कातडीला घासपूस लागत नाही आणि उंच-खोल तेवढं कळतं. माझी नजर आता मंदावली, पण हाताला अजून अर्ध्या मिलिमीटरचा फरक लागतो.

पुट्टीला वाईट म्हणणारे असतात, मी म्हणणार नाही. दोन-तीन मिलिमीटरपर्यंत ती चांगली वस्तू आहे, त्याहून जाड लागत असेल तर पत्र्याचं काम राहिलंय असं समजायचं. पुट्टी ऐंशी नंबरच्या पेपरनं घासलेल्या कोऱ्या पत्र्यावर किंवा पक्क्या वाळलेल्या इपॉक्सी प्रायमरवर लावायची. रेड ऑक्साइडवर कधीच नाही. पुट्टीतलं रसायन त्या साध्या प्रायमरला मऊ करतं आणि पुढं सगळा थर पापुद्र्यासारखा सुटतो. रेड ऑक्साइड हौद्याच्या खालच्या बाजूला, अँगलला लाव, तिथं तो ठीक. लिंबाएवढ्या पुट्टीला भिजलेल्या हरभऱ्याच्या दोन दाण्यांएवढा हार्डनर पुरतो. चैत्र-वैशाखात थोडा कमी. लवकर वाळावी म्हणून जास्त घातलास तर तो हार्डनर वरच्या रंगातून डाग होऊन बाहेर येतो, आणि पांढऱ्या गाडीवर तो पिवळा डाग लपत नाही.

आता इथंही पाणीच. पुट्टी घासताना पाणी वापरू नकोस. वॉटर पेपरनं ओलं घासलं की धूळ उडत नाही, काम गुळगुळीत होतं, म्हणून सगळे तेच करतात. पण पुट्टी सच्छिद्र असते. ती पाणी पिते, वर रंगाचा थर बसला की ते पाणी आत अडकतं, आणि मे महिन्यात गाडी तापली की फोड होऊन वर येतं. मालक म्हणतो रंग हलका होता. रंगाचा काही दोष नसतो. पुट्टी कोरडीच घास, पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, नाकाला मास्क लावून. ओलं घासायचं ते सरफेसर, म्हणजे पुट्टीवरचा प्रायमर, बसल्यावर. आणि जो पत्रा सकाळी कोरा केलास त्याला संध्याकाळच्या आत प्रायमर लागलाच पाहिजे. एक रात्र दवात राहिला की त्यावर तांबूस झाक येते. घामाच्या बोटांचे ठसेसुद्धा गंज धरतात. रॉकेलनं पुसायचं नाही, त्याचा तेलकट थर राहतो आणि रंग जागोजाग माशाच्या डोळ्यासारखा फाटतो. पुसायला स्वच्छ थिनर आणि स्वच्छ फडकं.

रंगाचा हंगाम आपल्याकडं दसऱ्यापासून होळीपर्यंत. पावसाळ्यात साधा एनसी रंग मारला की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि दुधाळ झाक येते. काळ्या-निळ्या गाडीवर ती लगेच दिसते. पांढऱ्यावर दिसत नाही, नुसती चमक मरते आणि का मेली ते कळत नाही. कृष्णाकाठी थंडीत दवही भरपूर. म्हणून दहाच्या सुमारास सुरू करायचं, तीनपर्यंत गन खाली ठेवायची. उन्हात तापलेल्या पत्र्यावरही नको, रंग पसरायच्या आतच सुकतो आणि खरखरीत होतो. आणि आपल्या भागाची एक खास अडचण आहे. याच दिवसांत साखर कारखाने चालू असतात. चिमणीची काजळी आणि पेटवलेल्या पाचटाची काळी पानं वाऱ्यावर कुठवर येतात ते तुला माहीत आहे. उघड्या अंगणात रंग मारू नकोस. शेड घे, तिन्ही बाजूंनी ताडपत्री बांध, आदल्या संध्याकाळी जमीन शिंपडून ठेव म्हणजे धूळ बसेल आणि सकाळपर्यंत ओलही उडून जाईल. रोज सकाळी कंप्रेसरच्या टाकीखालचा कॉक उघडून साठलेलं पाणी सोड. ते विसरलास तर गनमधून रंगाबरोबर पाण्याचे थेंब येतात.

गन वीतभर अंतरावर, हात पत्र्याला समांतर, मनगट फिरवायचं नाही. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. पहिला हात पातळ, दहा-पंधरा मिनिटं थांब, मग दुसरा. बाकी हाताला सवयीनं येतं. पहिल्यांदा जुन्या पत्र्याच्या तुकड्यावर दिवसभर मार.

आता जे सांगतो ते नीट वाच. आजकाल सगळे दोन डब्यांचा पीयू रंग मारतात. टिकतो चांगला, चमकही चांगली. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा छातीत गेला की काही माणसांना कायमचा दमा लागतो, आणि एकदा लागला की पुढं नुसत्या वासानंही छाती भरते. माझ्याबरोबर शिकलेला माझा जोडीदार, हाताला माझ्यापेक्षा सरस. त्यानं आयुष्यभर तोंडाला रुमाल बांधून रंग मारला. पन्नाशीत त्याला काम सोडावं लागलं. जिना चढताना तो थांबतो तेव्हा मला बघवत नाही. रुमाल धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. कापडी मास्कही नाही. कोळशाच्या फिल्टरचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हा कमीत कमी. खरं तर बाहेरून स्वच्छ हवा देणारा मुखवटाच हवा. तो नसेल तर प्रायमरपर्यंत सगळं तू कर आणि रंगाचा हात बूथ असलेल्या गॅरेजात मारून घे. त्यात काही कमीपणा नाही. जुना पिवळा-लाल रंग घासतानाही मुलांना जवळ येऊ देऊ नकोस, त्या रंगांत पूर्वी शिसं असायचं.

पांढऱ्या गाडीचा रंग जुळवणं सोपं, असं तुला दुकानदार सांगेल. पांढऱ्याइतका अवघड रंग नाही. कुणात निळसर झाक, कुणात पिवळसर, त्यात तेरा वर्षांचं ऊन. आधी जुन्या दारावर कंपाउंड घासून त्याचा खरा रंग वर काढ, मगच नमुना जुळव. नमुना पत्र्याच्या तुकड्यावर मारून, पूर्ण वाळवून, दिवसाउजेडी गाडीला लावून बघ. ट्यूबच्या उजेडात सगळे पांढरे सारखेच. आणि गाडी पांढरीच ठेव. रंग बदललास तर आरटीओची परवानगी आणि आरसी बुकात नोंद लागते. रिफ्लेक्टर पट्ट्या मात्र नव्या लाव, जुन्यांवर रंग उडालेला पासिंगला चालत नाही.

हौद्याला चमक नको, थर पाहिजे. आतून जाड काळा रंग, सांध्यांना सीलर, खालून डांबरी कोटिंग. आमच्या वेळी चासीला जळकं ऑइल मारायचे. गंज थांबायचा हे खरं, पण रबराचे बुश फुगायचे आणि पावसात ते तेल शेतात उतरायचं. मी ते सोडलं. दारांच्या आणि पेट्यांच्या पोकळ्यांत मेणाचा फवारा मिळतो तो मार, आणि मारून झाल्यावर भोकं परत बुजली नाहीत ना, ते त्याच सायकलच्या तारेनं बघ.

रविवारी गाडी घेऊन कराडला ये, पण रंग खरवडू नकोस, आहे तशी आण. मॅट काढलेली, सीट सुटी केलेली, दारं धुतलेली. येताना ताईची एखादी जुनी, खूप धुतलेली सुती साडी मागून आण. पत्रा हातानं बघायला तसलं मऊ कापड बाजारात मिळत नाही.

तुझा मामा